बिनभिंतीच्या तुरुंगातले बेसनाचे लाडू

तुरुंगात पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मला तुरुंग सापडेना. गावातून निघालेला रस्ता सरळ दलदलीत शिरत होता. दोन्ही बाजूंना काळ्या पाण्याचे चर, मधूनच बर्चची पांढरी खोडं, आणि पुढे लाकडी बराकींच्या दोन रांगा. भिंत नाही, तार नाही, बुरूज नाही. रेल्वे फाटकाला असतो तसा एक आडवा दांडा होता, तोही वर केलेला. चर साफ करणाऱ्या एका माणसाला मी सायकलवरून उतरून विचारलं, "तुरुंग कुठे आहे हो?" त्याने फावडं टेकवलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "हे बघ, तू उभा आहेस तोच." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि हा कैदी."

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी सव्वीस वर्षांचा होतो, ब्राउनश्वाइगला डॉक्टरेट करत होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. विषय होता दलदलीच्या जमिनीतला पाण्याचा निचरा. पुण्यात कॉलेजात पाण्याचं दुर्भिक्ष शिकलेला माणूस जर्मनीत येऊन पाणी घालवायचं कसं ते शिकत होता, यावर मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली होती. माझ्या प्रोफेसरांनी मोजमापासाठी जी जागा मिळवली ती उत्तरेकडच्या या दलदलीतली, तुरुंगाच्या ताब्यातली. खड्डे खणायला आणि नळ्या पुरायला तुरुंग दोन माणसं देणार होता. मी जवळच्या गावात एका विधवा शेतकरणीकडे खोली घेतली आणि रोज सकाळी सायकलने तुरुंगात जाऊ लागलो. घरी पत्रात मात्र मी त्याला 'सरकारी शेत' म्हणायचो. मुलगा परदेशी जाऊन तुरुंगात आहे हे वाचून आईने अंथरूण धरलं असतं.

तुरुंगाला भिंत नव्हती याचं कारण डायरेक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. उंच, वाकलेला, साठीकडे झुकलेला माणूस. ते म्हणाले, इथे फक्त भरवशाची माणसं आणतो. शिक्षेचा पहिला भाग शहरातल्या पक्क्या तुरुंगात काढायचा, वागणूक चांगली असेल तर इथे यायचं. दिवसभर उघड्यावर काम, रात्री बराकीला कुलूपसुद्धा नाही. दोन तृतीयांश शिक्षा संपली की डायरेक्टर अहवाल लिहिणार, कोर्ट तो वाचणार आणि बहुतेकांना उरलेली शिक्षा माफ करून घरी सोडणार. "इथे भिंतीचं काम शब्द करतो," ते म्हणाले. "एक खोटं बोललं की माणूस परत आत."

मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. बाहेरून येणाऱ्याने कैद्यांना काहीही देऊ नये, त्यांच्याकडून काहीही घेऊ नये. महिन्याभरापूर्वीच एका ट्रॅक्टरवाल्याने बराकीत दारूच्या बाटल्या पोचवल्या होत्या, म्हणून आता जरा जास्तच कडक. मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, माझं जर्मन किती चांगलं आहे ते त्यांना कळावं म्हणून, आणि झोकात सही केली.

माझ्या वाट्याला आलेल्या दोघांपैकी एक आठवड्यातच पाठीच्या दुखण्याने गळाला. उरला तो चर साफ करणारा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, केस आखूड कापलेले. तो मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायचा. मी त्याला तुम्ही म्हणायचो, कारण वडीलधाऱ्याला दुसरं काही म्हणायला जीभ वळत नव्हती. त्याला त्याची फार गंमत वाटायची. "सगळ्या लोअर सॅक्सनीत मला 'तुम्ही' म्हणणारा तू एकटाच," म्हणायचा.

तो ट्रकवाला होता. काय केलं म्हणून आत आला, ते विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्याने न विचारताच सांगितलं. दारू पिऊन ट्रक चालवला, एका सायकलवाल्याला उडवलं, तो माणूस मेला. एवढंच. 'नशीब', 'अंधार', 'रस्ता निसरडा' असलं काही नाही. संध्याकाळी मी सायकलवर बसलो की तो दांड्यापाशी उभा राहून ओरडायचा, "दिवा लाव!" अजून उजेड असायचा, तरी मी लावायचो.

त्याला एक मुलगी होती, सहा वर्षांची. तिकडे तेव्हा शाळा ईस्टरनंतर सुरू व्हायची. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात खाऊने भरलेला हातभर लांब पुठ्ठ्याचा शंकू देतात आणि आईबाप दोघंही शाळेच्या दारापर्यंत जातात. तो आत गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. त्याचे दोन तृतीयांश मार्चअखेर भरत होते. अहवाल चांगला गेला तर ईस्टरच्या आधी तो घरी असणार होता, आणि मुलीला शाळेत सोडायला तिचा बाप असणार होता. नळ्या पुरताना, माती चाळताना, दुपारी पाव खाताना तो हे इतक्यांदा बोलायचा की कधीकधी मला कंटाळा यायचा. "झालं का पुन्हा सुरू?" असं मी एकदा म्हणालोही. तो हसला आणि पुन्हा सुरू झाला.

आमच्यावर लक्ष ठेवायला जो पहारेकरी होता त्याला मी मनातल्या मनात जमादार म्हणायचो. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, पाइप ओढणारा. फेब्रुवारीत आम्ही उत्तरेच्या चराजवळ खड्डा खणत होतो. तिथली माती म्हणजे हजारो वर्षं कुजून साठलेलं गवत आणि शेवाळ. तिला टोर्फ म्हणतात, विटांसारखी कापून वाळवतात आणि शेगडीत जाळतात. त्यात गाडलेली वस्तू सडत नाही. दीड मीटरवर एक लाकडी तळाचा बूट निघाला, मग आणखी दोन. एकही जोड जुळत नव्हता. ट्रकवाल्याने ते काठावर ओळीत मांडले. जमादार आला, बघितलं आणि म्हणाला, "परत टाक. बुजव. दुसरीकडे खण."

मी शहाणा! मी विचारलं, हे कोणाचे? जमादाराने पाइप पेटवला. मग म्हणाला, या बराकी तुरुंगासाठी बांधल्याच नव्हत्या. 'त्या' वेळी सरकारला नको असलेली माणसं इथे आणायचे, त्यांनीच या बांधल्या. तेव्हा तार होती, बुरूज होते. पुढे युद्धकैदी आले, युद्ध संपल्यावर पूर्वेकडून पळून आलेली कुटुंबं राहिली, मग जागा रिकामी पडली. पन्नास सालानंतर हे भरवशाचे कैदी आले. तार तेव्हा काढली.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"मी तेव्हा इथे होतो. एकोणीस वर्षांचा. त्या बाजूच्या बुरुजावर."

"आणि काय पाहिलंत?"

"जे होतं ते सगळं."

"आणि कोणालाच काही बोलला नाहीत?"

"नाही," जमादार म्हणाला, आणि पाइप झाडून निघून गेला. ट्रकवाला खाली मान घालून खड्डा बुजवत होता.

त्या रात्री मी वडिलांना आठ पानी पत्र लिहिलं. या लोकांना कणा म्हणून नाही, एक माणूसही तोंड उघडत नव्हता, आपल्याकडे लोक लाठ्या खाऊनसुद्धा बोलत होते, वगैरे वगैरे. स्वतः मी त्या लाठ्यांच्या वेळी अर्ध्या चड्डीत होतो, पण पत्रात ते कशाला येतंय! वडिलांना पत्र फार आवडलं. त्यांनी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवलं.

मार्चच्या सुरुवातीला मला सडकून सर्दी झाली. मी त्या वेळी शाकाहारी होतो, म्हणजे दुपारी पाव, चीज आणि सफरचंद. गरम काही नाही. मी कुडकुडत नळीतलं पाणी मोजत होतो. ट्रकवाल्याने त्याचा कडीचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. तुरुंगाच्या स्वयंपाकघरातलं वाटाण्याचं दाट सूप. त्यातले डुकराच्या मांसाचे तुकडे त्याने एकेक करून काढून टाकले होते. "घरी ने. गरम कर. पी. झोप," म्हणाला. मांसाचा वास होताच. मी खोलीवर नेलं, डोळे मिटून प्यायलो आणि झोपलो. आईला हे आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. डबा घासून पालथा घातला होता. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्याबरोबर आईने बेसनाचे लाडू पाठवले होते. बोटीच्या प्रवासात किंचित खवट झालेले, पण आईचे. सोमवारी सकाळी मी तो डबा उचलला आणि माझा हात आपोआप लाडवांकडे गेला.

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे, कारण पुढे डायरेक्टरांना मी हे सांगायचा प्रयत्न केला आणि ते मला जमलं नाही. आमच्या घरी शेजारणीचं भांडं रिकामं परत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून जायचं. त्याला आम्ही देणं म्हणत नाही. ती भांडं परत करायची रीत आहे, धुऊन पुसून परत करतात तशी. मी कागदावर सही करून कैद्याला काही देणार नाही असं कबूल केलं होतं, आणि सोमवारी सकाळी डब्यात चार लाडू ठेवताना तो कागद माझ्या मनात आलासुद्धा नाही. मी काही देत नव्हतोच. मी डबा परत करत होतो.

त्याने झाकण उघडलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, लाडू कशाशी खातात ते माहीत नसेल. मी म्हटलं, "गोड आहे, चण्याच्या पिठाचं, माझ्या आईने केलंय." त्याने एक तिथेच खाल्ला, डोळे मिटून. उरलेले तीन तिथेच संपवले असते किंवा चरात टाकले असते तर काही झालं नसतं. पण माझ्या आईने केलेत हे मी सांगून बसलो होतो. ते घाईत गिळणं किंवा फेकणं त्याला जमलं नाही. त्याने झाकण लावलं.

मंगळवारी तो कामावर आला नाही. जमादार एकटाच चालत आला. म्हणाला, काल संध्याकाळी दांड्यापाशी डबे तपासले. याच्या डब्यात तीन पिवळे गोळे निघाले. कोणी दिले विचारलं, तर म्हणतो रस्त्यावर सापडले. डायरेक्टरसमोरही तेच. आता त्याला वेगळ्या खोलीत ठेवलाय. मग जमादाराने पाइप भरला, पेटवला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. वीस-वीस किलोमीटरमध्ये वेलदोड्याचा वास येणारा माणूस मी एकटाच होतो. 

मी म्हटलं, "वाईट झालं."

"गेनाऊ. अगदी बरोबर," तो म्हणाला आणि गेला.

मला पुढच्या आठवड्यात परदेशी लोकांवर लक्ष ठेवणाऱ्या पोलिसांकडे राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा होता. गुरुवारी प्रोफेसर पाहणीला येणार होते. त्या छापील कागदावर माझी झोकदार सही होती. या तीन गोष्टींनी माझी पाचावर धारण बसली. मंगळवारी ठरवलं, संध्याकाळी जाऊन सांगू. संध्याकाळी वाटलं, प्रोफेसर येऊन जाऊ देत. गुरुवारी प्रोफेसर आले, माझे आकडे पाहून खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली; आता कसं सांगणार? शुक्रवारी मी एक नवीनच युक्तिवाद काढला, आणि तो मला इतका पटला की मी जवळजवळ शांत झालो. तो स्वतःच माझं नाव सांगत नाही, म्हणजे त्याला मला वाचवायचं आहे. एवढ्या मोठ्या मनाने केलेली गोष्ट मी आगाऊपणे जाऊन का बिघडवावी? असं मी खरोखर, शब्दशः, स्वतःला सांगितलं. कामाला मला दुसरा माणूस दिला होता.  डबा जवळ घेऊन, माझ्याकडे पाठ करून जेवायचा.

शनिवारी सकाळी मी डायरेक्टरांच्या दाराशी गेलो. धैर्य आलं म्हणून गेलो असं लिहायला आवडलं असतं. शुक्रवारी रात्री मला त्या मुलीचं वय आठवलं आणि झोप लागली नाही, एवढंच.

डायरेक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. भांडं रिकामं परत न करण्याबद्दल मी बरंच बोललो, जर्मन अडखळत होतं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आम्हाला सोमवारीच कळलं होतं. त्यालाही कळत होतं की आम्हाला कळलंय."

"मग तुम्ही मला विचारलं का नाही?"

"मी विचारलं असतं तर लेखी विचारावं लागलं असतं. त्याची एक प्रत तुमच्या पोलिसांकडे गेली असती. तुम्ही आपणहून वेळेत आला असतात तर एका ओळीची नोंद झाली असती. परदेशी विद्यार्थी, गैरसमज, ताकीद दिली. मी पेन उघडून बसलो होतो." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "माझ्याकडे त्याचं खोटं होतं आणि त्याच्या जोडीला काहीच नव्हतं. पाच दिवस धरून ठेवलं. काल दुपारी त्याला शहरात परत पाठवावं लागलं. त्याच्याबरोबर अहवालही गेला."

तुमचं म्हणणं आज लिहून पाठवतो, असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. बाहेर आलो तर जमादार पायरीपाशी उभा होता. मी त्याच्या नजरेला नजर न देता गेलो. मला ते आठ पानी पत्र आठवत होतं. त्याच्यासमोर तेव्हा बंदूक होती, वरून हुकूम होता, एकोणिसावं वर्ष होतं. माझ्यासमोर काय होतं? तीन लाडू आणि परवान्यावरचा एक रबरी शिक्का. यामुळे त्याने जे केलं ते माफ होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण वडिलांना मी पुन्हा तसलं पत्र लिहिलं नाही.

डायरेक्टरांच्या पत्राने फरक पडला, पण कागद कागदाच्या चालीने चालला. कोर्टाने सुनावणी मेच्या मध्यावर ठेवली. ईस्टर गेला, शाळा सुरू झाली. माझा परवाना मात्र दहा मिनिटांत वाढवून मिळाला. कारकुनाने मला काहीही विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मी शहरातल्या तुरुंगात त्याला भेटायला गेलो. तिथे सगळं होतं, भिंत, तार, बुरूज. एका लांब टेबलाच्या पलीकडे त्याला आणून बसवलं. गोरा माणूस, पण उन्हावाचून आणखीच पांढरा दिसत होता. मी वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती, व्याकरण तपासून.

त्यानेच आधी सुरुवात केली. "गेली ती शाळेत. रडली नाही म्हणे. बायकोने लिहिलंय, दारापर्यंत गेली आणि मागे वळून पाहिलंसुद्धा नाही." मग म्हणाला, "चांगलंच ते. नाही का?"

मी हो म्हटलं.

"त्या सोमवारी मी पटकन बोलून गेलो, सापडलं म्हणून. बोललो आणि कळलं की मूर्खपणा केला. पण म्हटलं, हरकत नाही, सकाळी हा येईल, सांगेल, सगळे हसतील. बायकोला पत्र लिहायला बसलो, त्यातही तसंच लिहिलं." तो माझ्याकडे बारीक नजरेने पाहत होता. त्यात राग शोधायचा मी खूप प्रयत्न केला, पण तो नव्हता. "मंगळवारी आला नाहीस, तेव्हा मला काळजी वाटली. ती सर्दी छातीत उतरली असणार. त्या टोर्फमध्ये माणसं न्यूमोनियाने जातात. त्या खोलीत रोज पहारेकऱ्याला विचारत होतो, तो इंडियन बरा आहे का. कोणी सांगेना. डायरेक्टरच्या पत्रावरून कळलं, शनिवारी उठून आलास. तापातून ना? आता बरा आहेस?"

पाठ केलेली वाक्यं माझ्या तोंडाशी होती. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "ताप होता. आता बरा आहे."